परिचारिका दिनाची भेट म्हणून ताईच्या गाडीचा विमा काढायचा आहे. पुरेसे संरक्षण कशाला म्हणावे?

कृष्णाकाठ (प्रश्नकर्ता)

नमस्कार. माझी थोरली बहीण मिरजेतील एका रुग्णालयात अधिपरिचारिका आहे आणि सांगलीत राहते. दरवर्षी १२ मे रोजी तिच्या रुग्णालयात फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या तसबिरीला हार घातला जातो, दीपप्रज्वलन होते, सर्व सिस्टरांना गुलाबाचे फूल मिळते आणि दुपारपाळी सुरू होताच सगळ्या पुन्हा आपापल्या वॉर्डात परततात. शाली तिच्याकडे तीन जमल्या आहेत, त्यांतली एक आई पांघरते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आमच्या गल्लीत पाणी होते तेव्हा ताई चार दिवस रुग्णालयातच राहिली आणि पाळी बदलायला कोणी पोहोचू शकत नाही म्हणून दोघींचे काम एकटीने करत राहिली. त्यामुळे या वर्षी आम्ही तिघा भावंडांनी तिच्या रोजच्या उपयोगाची भेट द्यायचे ठरवले असून, तिच्या गाडीचा चांगला विमा काढून द्यावा असा विचार आहे.

गाडी सहा वर्षांची, ११९७ सीसीची, पेट्रोलवर चालणारी छोटी हॅचबॅक आहे. आरसी बुक दाजींच्या नावावर आहे, परंतु ते नोकरीनिमित्त पुण्यात असल्यामुळे गाडी ताईच चालवते. जाताना ती आणखी दोन सिस्टरांना बरोबर घेते आणि रात्रपाळी संपवून सकाळी तिघी एकत्र परततात. गेली तीन वर्षे केवळ थर्ड पार्टी विमा काढला जात आहे आणि तो २० मे रोजी संपतो. एजंटने ‘फुल इन्शुरन्स’चे ३,१०,००० रुपयांच्या आयडीव्हीवर (विम्यासाठी धरलेल्या गाडीच्या किमतीवर) ९,८०० रुपये सांगितले आहेत, आणि सर्व अ‍ॅड-ऑन घेतल्यास १३,४०० रुपये. आमच्या खर्चाची मर्यादा १४,००० आहे. यात नेमके काय घ्यावे आणि कशाची गरज नाही? परिचारिकांना विम्यात काही सवलत मिळते का?

जुना सर्व्हेअर

आपला विचार आवडला. मी अठ्ठावीस वर्षे अपघातग्रस्त गाड्यांची पाहणी करून नुकसानीचे अहवाल लिहिले. त्या अनुभवावरून सांगतो की ‘गाडीची किंमत किती धरावी’ या प्रश्नाआधी ‘गाडीत कोण बसते आणि चालवते कोण’ हा प्रश्न विचारायला हवा. आपल्या वर्णनात या दोन्ही ठिकाणी मोठी भगदाडे दिसतात.

पहिले भगदाड त्या दोन सहकारी सिस्टरांचे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ नुसार जो विमा सक्तीचा आहे, तो रस्त्यावरच्या त्रयस्थासाठी आहे. अशा व्यक्तीचा मृत्यू किंवा इजा झाल्यास कंपनीच्या दायित्वाला रकमेची मर्यादा नसते, तर त्याच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी साधारणपणे साडेसात लाखांची मर्यादा असते. परंतु खाजगी मोटारीत विनामूल्य बसलेला प्रवासी या किमान विम्यात येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये तिलक सिंग प्रकरणात स्पष्ट केले आहे. याउलट पॅकेज पॉलिसीत, म्हणजे लोक ज्याला ‘फुल इन्शुरन्स’ म्हणतात त्यात, मोटारीत बसलेल्यांचे दायित्व येते. विमा नियामकाने १६ नोव्हेंबर २००९ च्या परिपत्रकाने कंपन्यांना तसे बजावले आणि पुढे २०१२ च्या बालकृष्णन प्रकरणात न्यायालयानेही तीच भूमिका घेतली. थोडक्यात, आज ताईंची गाडी दुभाजकावर आदळली तर मागे बसलेल्या सिस्टरच्या उपचारांसाठी विमा कंपनी एक रुपयाही द्यायला बांधील नाही. पॅकेज पॉलिसी घ्यायला माझ्या मते हे एकच कारण पुरेसे आहे, बंपर आणि दिव्यांचा विचार नंतर करू.

दुसरे भगदाड खुद्द ताईंचे, आणि सणाच्या भेटीच्या निमित्ताने हे बोलावे लागते याबद्दल क्षमस्व. पॉलिसीबरोबर १५ लाखांचा जो सक्तीचा वैयक्तिक अपघात विमा असतो, तो ‘मालक-चालका’चा असतो, म्हणजे ज्याचे नाव आरसी बुकात आहे आणि ज्याच्याकडे वैध परवाना आहे त्याचा. येथे मालक दाजी आहेत. चालवणाऱ्या ताईंना त्यातून काही मिळत नाही. मालकाची गाडी घेऊन चालवणारा मालकाच्याच जागी उभा राहतो, त्यामुळे स्वतःच्या अपघाताबद्दल त्याला त्रयस्थ म्हणून तेव्हाच्या कलम १६३-अ खाली (हे कलम २०२२ मध्ये वगळले गेले) भरपाई मागता येत नाही, असा निर्णय निंगम्मा प्रकरणात २००९ मध्ये झालेला आहे. म्हणजे आपण ज्यांच्यासाठी ही भेट घेत आहात, नेमक्या त्याच व्यक्तीला एजंटच्या १३,४०० रुपयांच्या यादीत काही नाही.

आपण नाइटिंगेल यांच्या तसबिरीचा उल्लेख केलात म्हणून थोडे अवांतर. क्रिमियाच्या युद्धात सैनिक जखमांपेक्षा रोगांनी अधिक मेले, हे त्यांनी आकडे आणि आकृत्या मांडून सरकारच्या गळी उतरवले होते. खरे नुकसान कोठून होते ते आधी मोजावे, ही त्या बाईंची शिस्त विमा घेतानाही उपयोगी पडते.

हिशेबी

मी थोडे वेगळे मत मांडतो. सहा वर्षांच्या गाडीवर दरवर्षी दहा-तेरा हजार घालणे मला पटत नाही. १ जून २०२२ पासूनच्या दरांप्रमाणे १००० ते १५०० सीसीच्या मोटारीचा थर्ड पार्टी हप्ता ३,४१६ रुपये आणि १८ टक्के जीएसटी मिळून ४,०३१ रुपये होतो. उरलेले पैसे आवर्ती ठेवीत टाकले तर चार-पाच वर्षांत दुरुस्तीचा चांगला निधी उभा राहतो. चौदा वर्षांत मी एकही क्लेम केलेला नाही. अर्थात माझ्या गाडीत मी एकटाच असतो, त्यामुळे सहप्रवाशांचा वरचा मुद्दा मला आजच समजला, आणि तेवढ्यापुरते माझे म्हणणे मागे घेतो.

रात्रपाळी

मी कोल्हापुरात परिसेविका आहे, त्यामुळे हा धागा वाचून आनंद झाला. कौतुकाच्या भाषणांत आम्हाला ‘देवदूत’ म्हणतात, पण सकाळी साडेआठला रात्रपाळीचा अहवाल पुढच्या सिस्टरच्या हाती देऊन जेव्हा आम्ही पार्किंगमध्ये येतो तेव्हा डोळ्यांवर झापड असते आणि घर गाठायचे असते, हे त्या भाषणांत कधीच येत नाही. आपल्या ताईही याच अवस्थेत दहा-एक किलोमीटर गाडी चालवत असणार. म्हणून दोन गोष्टी स्वानुभवातून सांगते.

जुलै २०२१ च्या पुरात आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये पाणी शिरले आणि गाडी आसनांपर्यंत बुडाली. पाणी ओसरल्यावर आमच्या ह्यांनी ‘चालू होते का पाहू’ म्हणून चावी फिरवली आणि इंजिनाने पाणी ओढून घेतले. विमा कंपनीने गालिचे, आसने आणि वायरिंगचे पैसे दिले, पण इंजिनाचा खर्च ‘पुरामुळे नव्हे, गाडी सुरू केल्यामुळे’ झाला असे म्हणून नाकारला. तेव्हा मला खूप राग आला होता. नंतर पॉलिसी शांतपणे वाचली तेव्हा आनुषंगिक नुकसानीचा अपवाद त्यात पहिल्यापासून छापलेला दिसला. आयर्विन पुलाजवळची धोक्याची पातळी ४५ फूट असताना २०१९ मध्ये कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती, हे सांगलीकरांना मी सांगायला नको. इंजिन संरक्षणाचे अ‍ॅड-ऑन घ्याच, आणि ते घेतले तरी बुडालेल्या गाडीला चावी लावू नका, ती ओढूनच वर्कशॉपमध्ये न्या.

दुसरी गोष्ट पैशांची. आमच्याकडे एक सिस्टर बरोबर येणाऱ्यांकडून दरमहा ठरावीक रक्कम घेत असे. खाजगी गाडीच्या पॉलिसीत भाड्याने प्रवासी नेणे बसत नाही, आणि अपघातानंतर तिला सर्व्हेअरने ‘पैसे घेत होता का’ हा प्रश्न लेखी विचारला. त्या प्रकरणात तिची दमछाक झाली. ताईंची मंडळी डब्यातली भाजी वाटून घेत असतील तर काहीच हरकत नाही, पण दरमहा भाड्याचा हिशेब मात्र ठेवू नये.

आणि भेटीबद्दल म्हणाल तर, नूतनीकरणाची तारीख, गाडीची तपासणी, कागदांची ने-आण हे सगळे तुम्ही भावंडांनी अंगावर घ्या. कंपन्यांचे फोन सकाळी अकराला येतात आणि रात्रपाळीची बाई तेव्हा झोपलेली असते. माझी एक पॉलिसी अशीच खंडित झाली होती.

कृष्णाकाठ (प्रश्नकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ताई चालवत असताना तिलाच संरक्षण नाही हे वाचून आम्ही तिघेही हादरलो. आता दोन प्रश्न उरतात. गाडी ताईच्या नावावर करून घ्यावी का, आणि तसे केल्यास दाजींचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) तिला मिळेल का? शिवाय झीरो डेपचे (भागांच्या किमतीतून घसारा न कापण्याच्या अ‍ॅड-ऑनचे) अकराशे रुपये वेगळे लावले आहेत, ते योग्य आहे का?

जुना सर्व्हेअर

नो क्लेम बोनसची चिंता करू नका, कारण तो येथे नाहीच. हा बोनस स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागावर मिळतो. केवळ थर्ड पार्टी विम्यावर तो जमा होत नाही, आणि आधीचा असला तरी पॅकेज पॉलिसी संपल्यावर ९० दिवसांत नूतनीकरण न झाल्यास तो बुडतो. शिवाय बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो, त्यामुळे मालक बदलला की तो नव्या मालकाकडे जात नाही. ताई शून्यापासून सुरुवात करतील, पहिल्या क्लेमरहित वर्षानंतर २० टक्के आणि सलग पाच वर्षांनंतर ५० टक्के. म्हणूनच पुढे कधी पाच-सहा हजारांचे किरकोळ काम निघाले तर क्लेम करण्याआधी बुडणाऱ्या बोनसचा हिशेब करावा.

नावबदल जरूर करा, पण त्यासाठी विमा थांबवू नका. फॉर्म २९ आणि ३० भरून आरटीओकडून नवे आरसी बुक येईपर्यंत २० मे उलटून जाईल. तेव्हा आधी दाजींच्या नावावरच पॅकेज पॉलिसी घ्या, आणि नावबदल झाला की १४ दिवसांच्या आत कंपनीला अर्ज करून पॉलिसी व मालक-चालकाचा विमा ताईंच्या नावावर करून घ्या. त्रयस्थाचे संरक्षण गाडीबरोबर आपोआप पुढे जाते, स्वतःच्या नुकसानीचे जात नाही. या फरकाने अनेक जण फसलेले मी पाहिले आहेत. थर्ड पार्टीवरून पॅकेजवर येत असल्यामुळे कंपनी आधी गाडीची तपासणी करील, म्हणून १२ तारखेच्या आतच सुरुवात करा.

मधल्या काळासाठी, आणि खरे तर कायमसाठीच, ताईंच्या नावाने स्वतंत्र वैयक्तिक अपघात विमा घ्या. तो गाडीत, दुचाकीवर, पायी चालताना, सगळीकडे लागू असतो. त्यात केवळ मृत्यू नव्हे तर कायमचे अपंगत्व आणि काही आठवडे कामावर जाता न येणे हेही समाविष्ट आहे का ते पाहा. परिचारिकेच्या मनगटाचे हाड मोडले तर पंधरा दिवसांत इंजेक्शन भरता येत नाही. ताई शासकीय सेवेत असतील तर कर्मचाऱ्यांच्या समूह अपघात विम्याची वजावट पगारपत्रकात दिसते का हेही तपासावे.

झीरो डेपबद्दल. सहा वर्षांच्या गाडीला अनेक कंपन्या ते देतच नाहीत, त्यामुळे अकराशेत मिळत असेल तर अटी वाचून घ्या. त्याविना प्लास्टिक व रबराच्या भागांवर ५० टक्के आणि या वयाच्या गाडीच्या धातूच्या भागांवर ४० टक्के घसारा कापला जातो. आठ हजारांच्या बंपरचे चार हजार धरले जातील आणि त्यातून १५०० सीसीपर्यंतच्या गाडीची हजार रुपयांची सक्तीची वजावट गेली की बंपरपोटी हाती तीन हजार उरतील. काचेवर मात्र घसारा नसतो. इंजिन संरक्षण आणि रस्त्यावरील मदत घ्या. चावी हरवणे, सामानाचा विमा वगैरे खुशाल गाळा.

आयडीव्ही पाच वर्षांनंतर कंपनी आणि ग्राहक यांच्या संमतीने ठरतो. हप्ता कमी दिसावा म्हणून एजंट तो खाली आणतात. आपल्या भागात अशी गाडी खरोखर कितीला विकली जाते ते पाहून ठरवा.

परिचारिका म्हणून सवलत: थर्ड पार्टीच्या दरात व्यवसायावरून कोणालाही नाही. काही खाजगी कंपन्या व्यवसाय पाहून स्वतःच्या नुकसानीच्या भागावर सूट देतात, ओळखपत्र दाखवून विचारा, परंतु सवलतीसाठी संरक्षण बदलू नका.

कृष्णाकाठ (प्रश्नकर्ता)

काल न राहवून ताईला सगळे सांगितले. स्वतःच्या विम्याबद्दल ती काहीच बोलली नाही. ‘त्या दोघींना कंपनीकडून पैसे मिळायला कोर्टात जावे लागेल का’ एवढेच तिने विचारले. पॅकेज पॉलिसीत सहप्रवाशांसाठी आणखी काही घेता येते का?

जुना सर्व्हेअर

ताईंचा प्रश्न अचूक आहे. पॅकेज पॉलिसीतील दायित्व मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज करून मिळवावे लागते, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे. थेट रक्कम हवी असल्यास अनामित प्रवाशांचा वैयक्तिक अपघात विमा जोडता येतो, माणशी दोन लाखांपर्यंत. मात्र तो आरसी बुकातील आसनसंख्येवर आकारला जातो, फक्त त्या दोघींपुरता मिळत नाही.

रात्रपाळी

त्याच्या जोडीला पंतप्रधान सुरक्षा विमा योजनाही आहे, वर्षाला २० रुपयांत दोन लाख. तिचे वर्ष १ जूनला सुरू होते, तेव्हा बँक खात्यातून वजावटीची संमती आत्ताच देता येईल. आमच्या ड्युटी रूममध्ये आम्ही अकरा जणींनी एकाच दुपारी अर्ज भरले होते.