कोंबड्यांना घरातल्या गोळ्या देऊ नका

भाऊ, मेडिकलवाला चिठ्ठीशिवाय कोंबड्यांसाठी अँटिबायोटिक देत नाही, म्हणून घरात उरलेल्या गोळ्याच द्याव्यात का, असं तुम्ही विचारलंत. तुमची अडचण खरी आहे. आमच्या यवतमाळकडच्या खेड्यांतही जनावरांचा दवाखाना लांबच पडतो. पण मान वाकडी होत असेल, हिरवट हगवण असेल, तर मानमोडीची (राणीखेत रोगाची) शंका घ्या. तो विषाणूचा आजार, त्यावर कोणतंच अँटिबायोटिक चालत नाही. तो टाळायला निरोगी पक्ष्यांना आधीच लासोटा नावाची लस द्यावी लागते. आजारी कोंबड्या आजच वेगळ्या करा आणि १९६२ वर फोन लावून विचारा, हा पशुवैद्यकीय सेवेचा टोल-फ्री नंबर आहे. आणि हो, उरलेल्या गोळ्या शेळीला तर मुळीच चारू नका. पोटातले उपयोगी जिवाणू मरतात, रवंथ बंद पडते. कोलिस्टिन या अँटिबायोटिकवर तर २०१९ पासून पशुपालनात बंदीच आहे.