जुनं वर्ड २००३ आणि नवीन वर्ड एकाच कॉम्प्युटरवर ठेवता येतं का?

राजापूरचा_टायपिस्ट
नमस्कार मंडळी, तहसील कचेरीजवळ माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. गेली वीस वर्षं सगळं काम वर्ड २००३ मध्ये केलंय, बक्षीसपत्र, कुलमुखत्यारपत्र, प्रतिज्ञापत्र, भजनी मंडळाची पावतीपुस्तकं, सगळ्याचे नमुने तयार आहेत आणि ते जुन्या श्रीलिपीच्या फॉन्टमध्ये आहेत, युनिकोडमध्ये (कुठल्याही मशीनवर मराठीच दिसतं त्या पद्धतीत) नाहीत. आता गिऱ्हाईक व्हॉट्सअपवर डॉकएक्स फाईल पाठवतात, ती २००३ मध्ये उघडत नाही, म्हणून ऑफिस २०१० ची सीडी आणून दुकानातल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर टाकलं. आणि मागच्या आठवड्यात नको ते झालं. मुंबईहून एक चाकरमानी काका फक्त एका दिवसासाठी आलेले, भावाच्या नावे बक्षीसपत्र करायचं होतं, मी जुन्या नमुन्यातला मजकूर कॉपी करून नवीन वर्डमध्ये पेस्ट केला आणि पाचशेच्या स्टॅम्पवर प्रिंट मारली. साक्षीदारांच्या सह्यांची जागा दुसऱ्या पानावर गेली! शिवाय मधेच दोन ठिकाणी अक्षरंच बदललेली, काना होता तिथे भलतंच काहीतरी. स्टॅम्प वाया, काकांची संध्याकाळची गाडी चुकली, मला फार वाईट वाटलं. आता गणपतीला गर्दी वाढणार, सगळे भाऊबंद एकत्र येतात तेव्हाच जमिनीचे कागद होतात. तर माझ्या मेन मशीनवर दोन्ही वर्ड एकत्र ठेवली तर चालतील का? आणि जुनं उडणार तर नाही ना?

कुडाळकर_हार्डवेअर
दादा घाबरू नको, होतला सगळा. दोन्ही एकत्र राहतात, फक्त क्रम चुकवायचा नाही, आधी जुनं मग नवीन. तुमच्या मेन मशीनवर २००३ आहेच तर ते तसंच ठेवा आणि २०१० ची सीडी घाला. आता नीट वाचा. सेटअप जुनं ऑफिस बघून 'अपग्रेड' आणि 'कस्टमाइझ' अशी दोन बटणं दाखवतो, घाईत अपग्रेड दाबलंत तर जुनं गेलं. कस्टमाइझ दाबायचं, अपग्रेडच्या टॅबमध्ये 'कीप ऑल अर्लिअर व्हर्जन्स' निवडायचं, मगच पुढे. आणि ३२ बिटचंच टाका, २००३ हे ३२ बिट आहे, त्याच्या शेजारी ६४ बिटचं ऑफिस २०१० बसायलाच तयार होत नाही. आउटलुक तेवढं दोन नाही राहत, तुम्ही वापरत नसाल तर त्याच्यासमोर नॉट अव्हेलेबल करून टाका. जुनं ऑफिस११ नावाच्या फोल्डरमध्ये जातं, नवीन ऑफिस१४ मध्ये, एकमेकांच्या फाईलींना हात लावत नाहीत.

एक गोष्ट मात्र होणार, डबल क्लिक केलं की फाईल नवीन वर्डमध्येच उघडणार. ओपन विथ मध्ये जाऊन पण गोंधळ, कारण दोघांच्या प्रोग्रामचं नाव विनवर्डच आहे. मी काय करतो, विंडोजच्या सेंड टू फोल्डरमध्ये ऑफिस११ मधल्या विनवर्डचा शॉर्टकट टाकतो आणि नाव देतो 'जुनं वर्ड'. मग फाईलवर राईट क्लिक, सेंड टू, जुनं वर्ड, झालं काम.

चिपळूणची_डीटीपीवाली
कुडाळकरांनी सांगितलंय ते बरोबरच आहे पण दादा तुमचा स्टॅम्प वाया गेला तो व्हर्जनमुळे नाही, सेटिंगमुळे गेला, आणि ते समजून नाही घेतलंत तर दोन्ही वर्ड टाकून पण परत तेच होईल. २००७ आणि २०१० च्या वर्डमध्ये नवीन कोऱ्या पानाला ओळींमधलं अंतर १.१५ आणि प्रत्येक पॅराखाली १० पॉइंट जागा आपोआप असते, २००३ मध्ये अंतर सिंगल आणि खाली शून्य. तुम्ही मजकूर पेस्ट केलात तेव्हा त्याची नॉर्मल स्टाईल नवीन पानाची झाली. बक्षीसपत्रात वीसेक पॅरा धरा, म्हणजे नुसती दोनशे पॉइंट, जवळजवळ पावणेतीन इंच वाढले, सह्या खाली जाणारच की. होम टॅबवर चेंज स्टाइल्स, स्टाईल सेट, त्यात 'वर्ड २००३' म्हणूनच एक सेट आहे, तो निवडा आणि खालचं सेट अॅज डिफॉल्ट दाबा.

आणि पेस्ट केल्यावर मधे काही टाईप करताना अक्षरं बदलतात ती ऑटोकरेक्टमुळे, म्हणजे वर्ड आपल्या मनाने चुका सुधारतं त्यामुळे. श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये प्रत्येक काना-वेलांटी मुळात एखादं इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह असतं, आणि वर्डला वाटतं वाक्य सुरू झालं, पहिलं अक्षर कॅपिटल करू, सरळ अवतरण वाकडं करू. तुम्ही जुन्या वर्डमध्ये हे कधीतरी बंद केलं असणार, नव्यात ते परत चालू असतं. ऑटोकरेक्टच्या ऑप्शन्समधले सगळे टिक काढून टाका.

आणि मूळ नमुने कधीच नव्यात सेव्ह करू नका, कॉपी करून कॉपीवर काम करा. २२ जुलै २०२१ च्या पुरात आमच्या दुकानात छातीभर पाणी होतं, दोन मशीन गेली, पोटमाळ्यावर ठेवलेल्या सीडीमुळे निम्मं काम परत मिळालं. म्हणून सांगते, नमुन्यांचा एक सेट दुकानाबाहेर ठेवा, आणि पावसाळा संपला की रोज दोन-तीन करत युनिकोडमध्ये आणा. जुन्या फॉन्टमधल्या फाईलीत खातेदाराचं नाव टाकून शोधता येत नाही, गिऱ्हाइकाच्या मोबाईलवर ती नुसती एबीसीडी दिसते.

राजापूरचा_टायपिस्ट
ताई, दोनशे पॉइंटचा हिशोब वाचला आणि लगेच ती फाईल उघडून पाहिली, अगदी तेच. काल रात्री लाईट आल्यावर मेन मशीनवर जुन्याच्या शेजारी नवीन पण टाकलं, स्टाईल सेट केला, साध्या कागदावर तेच बक्षीसपत्र काढून खिडकीत जुन्या प्रिंटवर ठेवून बघितलं, ओळीवर ओळ बसली. काकांना फोन केला, गणपतीला येतील तेव्हा माझ्या खर्चाने करून देणार. फक्त एक राहिलंय, एक वर्ड बंद करून दुसरं उघडलं की दरवेळी 'कॉन्फिगरिंग' म्हणून खिडकी येते आणि मिनिटभर जातं, समोर गिऱ्हाईक उभं असतं.

कुडाळकर_हार्डवेअर
दोघंही उघडताना विंडोजला सांगतात की वर्ड म्हणजे मीच, म्हणून ते होतं. रेजिस्ट्री एडिटर (विंडोजच्या आतल्या सेटिंग बदलायचा प्रोग्राम) उघडा, आधी एक्स्पोर्ट करून बॅकअप घ्या. करंट युजर, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, ऑफिस, ११.०, वर्ड, ऑप्शन्स इथे जाऊन ३२ बिटचं नवीन डीवर्ड (आकडा ठेवायची नोंद) बनवा, नाव नोरीरेग, स्पेलिंग एन ओ आर ई आर ई जी सलग, किंमत १. तेच १४.० च्या खाली पण करा.

आणि २००३ चे अपडेट ८ एप्रिल २०१४ ला बंद झाले, २०१० चे १३ ऑक्टोबर २०२० ला, त्यामुळे ओळख नसलेल्या माणसाने मेलवर पाठवलेली फाईल ह्या मशीनवर उघडू नका. ती त्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर लिब्रेऑफिस टाकून तिथे बघा, फुकट आहे आणि डॉकएक्स उघडतं.