ऐंशीनंतर मेंदूचं ऑपरेशन: वय बघायचं की माणूस?

रानवारा: पिंपळपान यांनी काल लिहिलं, "ऐंशी ओलांडलेल्याच्या डोक्याला हात लावूच नये, तो पूर्वीसारखा होत नाही हे आधीच सांगता येतं." नाही सांगता येत! कवटीखाली हळूहळू साचलेलं रक्त (क्रॉनिक सबड्युरल) भोक पाडून काढतात, कधी तेवढ्याच जागेला भूल देऊन. पाय ओढत चालणारी, बोलताना अडखळणारी म्हातारी माणसं त्यातून उठून चालू लागतात. अंदाज बांधायचाच तर विचारा, आजारापूर्वी स्वतःची आंघोळ स्वतः करत होते का? रक्त पातळ करणारी गोळी चालू होती का? ऑपरेशनला नेताना शुद्ध कितपत होती? वयाचा नंबर त्यानंतर.

पिंपळपान: माझ्या वडिलांना मोठा स्ट्रोक आला. सुजलेल्या मेंदूला जागा व्हावी म्हणून कवटीचं हाड काढलं. "वाचतील" म्हणाले, कसे वाचतील ते कुणीच सांगितलं नाही. शेवटपर्यंत अंथरुणात होते. याच ऑपरेशनची २०१४ची डेस्टिनी २ चाचणी वाचा. एकसष्ट आणि त्यापुढचे रुग्ण, ऑपरेशनमुळे सहा महिन्यांत मृत्यू ७० टक्क्यांवरून ३३ वर आले. पण कुणाच्या मदतीशिवाय जगू शकणारा त्यांच्यात एकही नव्हता. एकही!

रानवारा: वडिलांचं वाचून वाईट वाटलं. पण ती चाचणी मोठ्या स्ट्रोकची, सबड्युरलला कशी लावता? तिथे २००९च्या चाचणीत नुसती निचऱ्याची नळी ठेवल्याने पुन्हा ऑपरेशन करावं लागण्याचं प्रमाण २४ टक्क्यांवरून ९ वर आलं.

रात्रपाळी: न्यूरो वॉर्डात काम करते. तुमच्या आकड्यांत डिलिरियम (अचानक येणारी भ्रमाची अवस्था) कुठेच नाही. ऑपरेशननंतर म्हातारा माणूस रात्री नळ्या उपटतो, मुलाला ओळखत नाही, आणि घरचे तेव्हाच ठरवतात की मेंदू गेला. बहुतेकांचं ते ओसरतं. चष्मा लावा, कानाचं यंत्र द्या, ओळखीचा आवाज जवळ असू द्या.

पिंपळपान: आणि हात बांधता त्याचं काय? वडिलांची मनगटं काळीनिळी झाली होती. आम्हाला आत सोडलं असतं तर बांधावे लागले असते का?

रात्रपाळी: डोक्यातली नळी उपटली तर जबाबदार कोण, तुम्ही? एकटीवर अख्खा वॉर्ड असतो तेव्हा या, मग बोला.

पिंपळपान: मी येतच होतो, बाई. दारातून परत पाठवत होतात.

काठावरचा: भांडण थांबवा. मेंदूत रक्तस्राव झालेल्यांसाठी २००१ पासून एक गुणतक्ता वापरतात. गुण जितके जास्त, तितका मृत्यूचा धोका जास्त. त्यात ऐंशी झाली की एक गुण वाढतो. गुण जास्त म्हणून उपचार आवरते घेतात, माणूस जातो, आणि तक्ता बरोबर ठरतो. याला भाकीत म्हणायचं?

पिंपळपान: ठीक. सबड्युरलपुरतं माझं वाक्य मागे. स्ट्रोकबद्दल नाही.

रात्रपाळी: नातेवाइकांपैकी एकाला रात्री आत बसू द्यावं, हे मला मान्य आहे. तो नियम मी केलेला नाही. पण नळीचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.