बीमर बंद करा म्हणे! का, ते तरी नीट सांगा

गिरणाकाठ:
परवा माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर एक लांबलचक पोस्ट फिरत होती. सार एवढंच की बीमर, म्हणजे लेटेक्स या कोड लिहून पीडीएफ काढायच्या सॉफ्टवेअरमधलं स्लाइडचं पॅकेज, त्याच्या स्लाइड सगळ्या एका साच्यातल्या, वर निळा पट्टा, खाली निळा पट्टा, मधे बुलेट, पोरांचा वेळ कोडात जातो, म्हणून सेमिनारला फक्त पॉवरपॉइंट चालेल असा नियमच करून टाका. मी पाचोऱ्याकडे फिजिक्स शिकवतो, हे वाचून डोकं तापलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

निळा पट्टा हा बीमरचा दोष नाही. युजथीम माद्रिद, म्हणजे माद्रिद नावाचा तयार साचा वापरा, एवढं लिहिलं आणि पुढे कशालाच हात लावला नाही तर निळंच येणार. पॉवरपॉइंट उघडून कोऱ्या पानावर टाइप करत सुटलात तर तेही सगळ्यांचं सारखंच दिसतं, त्यावर बंदी घाला असं कोणी म्हणत नाही. बीमरमध्ये स्ट्रक्चर नावाचा एक रंग बदला, शीर्षकं, बुलेट, पट्टे सगळं एका ओळीत बदलतं. उजव्या कोपऱ्यात ती बारीक बाणांची रांग असते ना, ती नेव्हिगेशन सिम्बॉल्सचं टेम्प्लेट रिकामं केलं की गेली.

माद्रिदची तळपट्टी घ्या. तीन कप्पे, नाव आणि संस्था, मग शीर्षक, मग तारीख आणि पान क्रमांक. आता कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, जळगाव हे त्या पहिल्या कप्प्यात मावणार आहे का? नाही मावत, आणि पोरं म्हणतात बीमरनं घाण केली. अरे, इन्स्टिट्यूट या कमांडला चौकोनी कंसात छोटं नाव द्यायची सोय आहे, तिथे कबचौउमवि लिहा, पहिल्या स्लाइडवर पूर्ण नाव आणि तळाला छोटं. मॅन्युअल उघडायचंच नाही आणि बंदी मागायची?

टिल टांटाऊ यांनी २००३ मध्ये स्वतःच्या पीएचडीच्या सादरीकरणासाठी हे बनवायला घेतलं. समीकरणवाल्यांच्या गरजेतून आलेली गोष्ट आहे ही. एका समीकरणातलं एकच पद पुढच्या क्लिकला लाल करायचं, बाकी काही तसूभरही हलू द्यायचं नाही, हे बीमरमध्ये कंसात आकडा टाकून होतं. आणि फुकट आहे, तालुक्याच्या पोराला लायसनचे पैसे लागत नाहीत.

भुसावळवाला:
ती पोस्ट मीच लिहिली होती, त्यामुळे उत्तर मलाच द्यावं लागेल. सर, तुमचा आदर आहे, पण तुम्ही बनवणाऱ्याच्या खुर्चीतून बोलताय, मी मागच्या बाकावरून बोलतोय. मी डिझाइनमध्ये काम करतो आणि दरवर्षी कॉलेजला सेमिनार ऐकायला बोलावतात. बीमरवाल्या पोराला विचारलं हा आलेख इतका बारीक का, तर म्हणतो सर मोठा केला की खाली सरकतो. आलेख कुठे बसवायचा हे माऊसनं दोन सेकंदात होतं, हा मुलगा सेंटीमीटर बदलून कंपाइल करतोय, म्हणजे कोडाची पीडीएफ काढून बघतोय, परत बदलतोय, परत कंपाइल. विचार कधी करणार विषयाचा? पॉवरपॉइंटमधला स्लाइड मास्टर, म्हणजे सगळ्या स्लाइडचा मूळ साचा, शिकवा त्यांना, तुमचा स्ट्रक्चर रंग तिथेही एका जागी बदलतो.

सातपुडा_पायथा:
मी पीएचडी करतोय आणि भाऊ तुमच्यासारख्यांमुळेच आम्हाला त्रास होतो. माझ्या प्रीपीएचडी सेमिनारला पॉवरपॉइंटच नेली होती, विभागाचा कॉम्प्युटर जुना, फाइल उघडली तर फॉन्ट बदललेला, ओळी तुटलेल्या, समीकरणातली ग्रीक अक्षरं चौकोन झालेली, आणि समोर बाहेरून आलेले रेफरी. घाम फुटला मला. त्या दिवसापासून पीडीएफ. पीडीएफ कुठेही उघडा, जशी आहे तशी दिसते.

भुसावळवाला:
मग पॉवरपॉइंटमधून पीडीएफ काढता येत नाही का? सेव्हच्या ऑप्शनमध्ये फॉन्ट एम्बेड करायची टिक आहे, ती कोणी केली नाही. मॅन्युअल वाचा हा सल्ला फक्त आम्हालाच का?

सातपुडा_पायथा:
पीडीएफ काढली की तुमचं ॲनिमेशन मेलं. बीमरमध्ये पॉज टाकला की प्रत्येक टप्प्याचं वेगळं पान होतं, पीडीएफमध्येही टप्पे शाबूत राहतात, आणि प्रिंटला द्यायचं असेल तर हँडआउट ऑप्शन लावला की सगळे टप्पे एका पानात. हे तुमच्याकडे सरळ होतं का सांगा.

भुसावळवाला:
नाही होत सरळ. हा मुद्दा तुमचा.

धुळ्याची_केमिस्ट्री:
मला दोघांचंही पटत नाही. खरा रोग गर्दी आहे. बीमरचं पान मुळात १२८ बाय ९६ मिलिमीटरचं, मुद्दाम छोटं, म्हणजे ११ पॉइंटचं अक्षर पडद्यावर मोठं दिसावं. पोरं काय करतात, मजकूर मावत नाही म्हणून फ्रेमला, म्हणजे स्लाइडला, श्रिंक हा सगळं दाबून बारीक करायचा पर्याय लावतात. मॅन्युअलमध्ये या श्रिंकबद्दल किती कडक शब्दांत लिहिलंय ते बघा. मावत नाही याचा अर्थ दोन स्लाइड करा, इतकं साधं आहे. आणि पॉवरपॉइंट तर ऑटोफिट करून अक्षर आपोआप बारीक करतं, सांगतही नाही. नासाच्या कोलंबिया यानाच्या अपघाताचा २००३ चा चौकशी अहवाल आठवा, त्यात पॉवरपॉइंटच्या स्लाइडमध्ये महत्त्वाची गोष्ट कशी दबली यावर लिहिलंय.

भुसावळवाला:
मॅडम, तो दोष बुलेटच्या आत बुलेट, त्याच्या आत बुलेट घालण्याचा होता. बीमरही तीन पातळ्यांपर्यंत जाऊ देतंच की, आणि आतल्या पातळीचं अक्षर स्वतःहून बारीक करतं. तो अहवाल बीमरच्या बाजूनं वापरू नका.

केळीबाग_रावेर:
तुमचं इंग्रजी स्लाइडचं भांडण चालू द्या, मला एकानं सांगा मराठीचं काय? मी शेतकऱ्यांच्या मेळाव्यात केळीवरच्या करप्यावर आणि सीएमव्ही या विषाणूजन्य रोगावर बोलतो. कोणीतरी हौसेनं बीमर शिकवलं, मराठी टाइप केलं, तर पानावर काहीच नाही. एररही नाही. कोरं पान! मंगल फॉन्ट दिला होता मी.

गिरणाकाठ:
भाऊ, तुम्ही मंगल सेटमेनफॉन्ट या कमांडनं दिला असणार. बीमर मुळातच सॅन्स अक्षर वापरतं, मेन नाही, म्हणून सेटसॅन्सफॉन्ट द्यावा लागतो. इंग्रजी फॉन्टमध्ये मराठी अक्षर नसलं की ते गाळलं जातं, नोंद लॉग फाइलमध्ये सापडते. शिवाय कंपाइल करायला पीडीएफलेटेक्स नको, झीलेटेक्स घ्या, आणि फॉन्टपुढे स्क्रिप्ट देवनागरी लिहायला विसरू नका, नाहीतर पहिली वेलांटी चुकीच्या जागी बसते.

केळीबाग_रावेर:
म्हणजे एक मराठी ओळ दिसायला इतकं सगळं? पॉवरपॉइंटमध्ये मी नुसतं टाइप करतो.

पांझराकाठ:
आणि ते टाइप केलेलं चुकीचं असतं! भाऊ, राग मानू नका, मी वीस गावच्या कार्यक्रमांत बघितलंय, पडद्यावर 'शेतकर्यांच्या' असं लिहिलेलं असतं, र डोक्यावर चढलेला. 'शेतकऱ्यांच्या' हवं. प्रत्येक स्लाइडवर चूक आणि समोर शेतकरीच बसलेले.

केळीबाग_रावेर:
तो फॉन्टचा दोष आहे, माझा नाही.

पांझराकाठ:
फॉन्टचा नाही, टायपिंगचा आहे. साधा र, हलन्त आणि य टाइप केलं की रफारच होणार, सॉफ्टवेअर कोणतंही घ्या. इन्स्क्रिप्ट कीबोर्डमध्ये शिफ्ट धरून र ची की दाबा, नुक्ता असलेला ऱ येतो, मग हलन्त आणि य. झालं. ल आणि श चं मात्र फॉन्टवर आहे. मंगलमध्ये ते हिंदी वळणाचे दिसतात. फॉन्टमध्ये मराठी आकार असतील तर झीलेटेक्समध्ये लँग्वेज मराठी दिलं की आपला ल येतो. हे महत्त्वाचं आहे, लहान पोरं शाळेत एक ल गिरवतात आणि पडद्यावर दुसराच बघतात.

जुना_डीटीपी:
हे सगळं युनिकोडचं खूळ आहे. श्रीलिपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टांत आम्ही अख्खे दिवाळी अंक काढले, एक अक्षर चुकलं नाही. ल हवा तसा, अर्धा र हवा तसा.

पांझराकाठ:
आणि तीच फाइल आज उघडून दाखवा. फॉन्ट नसेल तर इंग्रजी चिन्हांचा ढीग दिसतो. माझ्या आजीच्या ओव्या एका माणसानं अशाच टाइप करून ठेवल्या होत्या, अहिराणीतल्या, आता त्यातलं एक वाक्य शोधता येत नाही की कॉपी करता येत नाही. तुम्हनं काम चांगलं व्हतं हे खरं शे, पन ते छापण्यापुरतं होतं. माझ्या ओव्या गेल्या त्या गेल्याच.

जुना_डीटीपी:
कन्व्हर्टर असतात. जोडाक्षरं थोडी बिघडतात, हे कबूल. पण खूळ म्हणालो ते रागात म्हणालो, तुमच्या आजीचं ऐकून वाईट वाटलं.

सातपुडा_पायथा:
धागा कुठून कुठे गेला. मूळ प्रश्न बंदीचा आहे. सेमिनारला कोणी काय वापरावं हे बाहेरचा डिझायनर का ठरवणार?

भुसावळवाला:
बाहेरचा? मी त्याच कॉलेजात शिकलो, त्याच गळक्या हॉलमध्ये बसलो. आणि तुम्ही लोक पोरांवर बीमरची सक्ती करता ती चालते का? माझ्या भाचीला बायोलॉजीत एकही समीकरण नाही, नुसते सूक्ष्मदर्शकाचे फोटो, तरी गाइडनं बीमरच मागितलं. आदल्या रात्री ऑनलाइन कंपाइल करत बसली, गावात लाइट गेली, नेट गेलं, रडली ती पोरगी. माझी पोस्ट तिथून आली आहे.

धुळ्याची_केमिस्ट्री:
हे आधी सांगायचं ना. तिच्यावर सक्ती केली ते चूकच, फोटोच फोटो असतील तर माऊस बरा. पण तुम्ही उलटी सक्ती मागितलीत, फिजिक्सच्या पोरांची समीकरणं काय केलीत?

गिरणाकाठ:
भाचीचं वाचून वाईट वाटलं. टेक्सलाइव्ह, म्हणजे लेटेक्सचा अख्खा संच, कॉम्प्युटरवर उतरवून ठेवलं तर नेट लागत नाही, पूर्ण घेतलं तर काही जीबी आहे, पण एकदाच घ्यायचं. हे गाइडनं तिला सांगायला हवं होतं, नाही सांगितलं. सक्तीच्या बाबतीत भुसावळवाल्यांशी सहमत आहे, बंदीच्या बाबतीत नाही.

भुसावळवाला:
बंदी शब्द मागे घेतो. आलेख बारीक असतात हे मात्र मागे घेत नाही.

गिरणाकाठ:
ते तर मीही वर्गात सांगतो, की चित्राची रुंदी टेक्स्टविड्थच्या हिशोबात द्या, सेंटीमीटरमध्ये नको. १६:९ चं पान केलं की डाव्या बाजूला आलेख, उजवीकडे दोन ओळी, कॉलम्स वापरून छान बसतं. फक्त हॉलचा प्रोजेक्टर जुना ४:३ चा आहे का ते आधी विचारा.

केळीबाग_रावेर:
सर, सेटसॅन्सफॉन्ट केलं, मराठी आली! ल पण आपला आला, नोटो फॉन्ट टाकला. आता ते 'शेतकऱ्यांच्या' सगळीकडे दुरुस्त करतो. पण मेळाव्याला पॉवरपॉइंटच नेणार, करप्याचा व्हिडिओ पीडीएफमध्ये सगळीकडे चालेल याचा भरवसा नाही.