गाड्या कट मारून जातात. कडेला नेमकं किती चिकटायचं?

पांढरी_पट्टी

दुभाजक नसलेला दोनपदरी रस्ता, एकूण रुंदी ७ मीटर. साइडपट्टी खडीची आणि डांबरापासून चांगली चार बोटं खाली. रहदारी डावीकडून. सायकलचा वेग १८ ते २२, गाड्यांचा ५० ते ६०, मधूनमधून ट्रक आणि बस. हँडल सरळ, ६२ सेंमी रुंद. चाक कडेच्या पांढऱ्या पट्टीवरून हलू दिलं नाही तरी गाड्या कोपराला वारा लागेल इतक्या जवळून जातात. कडेला जितकं सरकावं तितक्या जास्तच जवळ येतात, असं वाटायला लागलंय.

विचारायचंय ते असं: कडेपासून नेमकं किती अंतर ठेवायचं? ट्रक बाजूने जात असताना हँडलचं काय करायचं? आरसा, रडार, कॅमेरा यांत आधी काय घ्यावं? आणि गाडी किती जवळून गेली हे व्हिडिओवरून सिद्ध करता येतं का?

‘हेल्मेट घाला, जपून चालवा’ छाप उत्तरं नकोत, ती पाठ आहेत.

सुटी_चेन

वाटतंय ते बरोबर आहे. बेरीज करून बघा.

तुमची लेन साडेतीन मीटरची. चाक कडेपासून ३० सेंमीवर असेल तर हँडलचं उजवं टोक ६१ सेंमीवर येतं. त्यापुढे दीड मीटर मोकळं सोडायचं आणि त्यापुढे गाडी, आरसे धरून साधारण २ मीटर. झाले ४ मीटर ११ सेंमी. म्हणजे तुम्ही अगदी कडेला असलात तरी नीट अंतर ठेवणाऱ्या चालकाला मधली रेघ साठेक सेंमी ओलांडावीच लागते. समोरून गाडी येत असेल तर तेवढी जागा तिथे नाहीच.

पण कडेला चिकटलेली सायकल मागच्याला वेगळंच सांगते. त्याला दिसतं, ‘रेघ न ओलांडता मावतंय की.’ मावतंही, पण कसं? ३५० मधून तुमचे ६१ आणि गाडीचे २०० गेले, उरले ८९. समोरून कोणी येत असलं की चालक मधल्या रेघेपासूनही ३०-४० सेंमी आत राहतो. तुमच्या वाट्याला अर्धा मीटर. मुद्दाम कट मारणारे थोडे असतात. ‘मावेल’ या अंदाजावर घुसणारे जास्त.

आता चाक कडेपासून १ मीटरवर आणा. हँडलचं टोक १ मीटर ३१ वर. गाडी लेनमध्ये ठेवून जायचं म्हटलं तर १९ सेंमी उरतात. एवढ्यात कोणी गाडी घालत नाही. मग त्याच्यापुढे दोनच गोष्टी उरतात: थांबायचं, किंवा समोरचं रिकामं बघून रेघ ओलांडून जायचं. शिवाय तुमच्या डावीकडे ७० सेंमी राखीव राहतात. कोणी तरीही जवळ आलाच तर सरकायला जागा आहे. कडेवर चालवताना ती जागा तुम्ही आधीच खर्च केलेली असते.

तेव्हा अशा रस्त्यावर नेहमीची चाल ८० सेंमी ते १ मीटर. लेनच्या मधोमध यायचं ते ठरावीक ठिकाणीच: अरुंद पूल, पुढचं न दिसणारं वळण, चढाचा माथा, चौक, रस्त्याचं काम चालू असलेला पट्टा. तिथेही अगदी तोंडावर उजवीकडे घेऊ नका, हमखास अंगावर येतं ते तिथेच. २० च्या वेगाने सेकंदाला साडेपाच मीटर जातात, म्हणून पूल ३०-४० मीटर लांब असतानाच सुरुवात करा. मागे बघा, हात दाखवा, पुन्हा मागे बघा, मगच सरका. दुसऱ्यांदा बघणं टाळू नका, कारण हात दिसल्यावर काही जण उलट वेग वाढवतात.

पूल संपला की डावीकडे येऊन वाट द्या. मागे चार-पाच गाड्या साचल्या असतील तर पहिली मोकळी जागा बघून बाजूला व्हा. वैतागलेली रांग सोबत घेऊन पुढच्या वळणावर जाण्यात काही फायदा नाही.

उभ्या गाड्यांच्या रांगेशेजारून जाताना मात्र हे सगळं माप कडेपासून नाही, त्या गाड्यांपासून धरायचं. निदान १ मीटर, कारण दार उघडलं की तेवढं बाहेर येतं. दोन उभ्या गाड्यांमधल्या मोकळ्या जागेत आत-बाहेर करू नका. मागच्याला तुम्ही दिसेनासे होता आणि बाहेर निघताना त्याच्यासमोर उगवता.

घाटवळण

बेरीज मान्य. पण १ मीटरचा नियम सगळीकडे लावू नका. गाड्या ८०-९० ने जातात आणि साइडपट्टी डांबरी, स्वच्छ, दीड मीटर रुंद आहे, अशा ठिकाणी साइडपट्टीवरच राहावं. ७० चा फरक असताना मागच्याने तुम्हाला उशिरा पाहिलं तर तुमची जागा बघून तो काही ठरवेल, एवढा वेळच त्याच्याकडे नसतो. मावळतीचं ऊन चालकाच्या डोळ्यांवर असतानाही तेच.

आणखी एक. पहिली गाडी अंतर ठेवून जाते, पण तिच्या मागे चिकटून आलेल्या दुसऱ्या गाडीला तुम्ही दिसलेलेच नसता. पहिली उजवीकडे वळली की दुसरीसमोर अचानक सायकल. कट बऱ्याचदा हीच मारते. एक गाडी गेली म्हणून लगेच सैलावू नका, मागे एक नजर टाका.

ट्रकचं आता.

ट्रकच्या नाकापुढे दाबलेली हवा असते, ती आधी तुम्हाला डावीकडे ढकलते. नाक पुढे गेलं की बाजूने ओढ लागते, म्हणजे उजवीकडे, ट्रककडे. नवखा माणूस पहिल्या धक्क्याला उत्तर म्हणून हँडल उजवीकडे दाबतो आणि त्याच क्षणी ओढही उजवीकडेच लागते. दोन्ही मिळून सायकल चाकांकडे जाते. म्हणून पहिल्या धक्क्याला हँडलने उत्तर द्यायचंच नाही.

उजवीकडून आडवा वारा असेल तर आणखी वाईट. तुम्ही नकळत वाऱ्यावर, म्हणजे उजवीकडे रेललेले असता. ट्रक आडवा आला की वारा एकदम बंद, आणि तुम्ही ट्रककडे कलता. ट्रक गेला की तोच वारा पुन्हा थाडकन बसतो. लांब ट्रेलरला हे दोन-तीन सेकंद चालतं.

काय करायचं: कोपरं वाकवा, खांदे खाली, पकड घट्ट पण मनगटं ताठ नकोत. एक गिअर जड करून पेडलवर दाब चालू ठेवा. पाय थांबवून नुसती सायकल सोडलीत तर ती जास्त डुचमळते. पुढचा ब्रेक दाबू नका. नजर २०-३० मीटर पुढे. ट्रकच्या चाकांकडे बघितलंत तर सायकलही तिकडेच जाते.

आरसेवाला

आधी आरसा, मग कॅमेरा, पैसे उरले तर रडार. हा क्रम माझा. बाकीच्यांनी भांडावं.

आरसा उजव्या बाजूला, हँडलच्या टोकाला. फुगीर काचेत जास्त रस्ता दिसतो, पण गाडी आहे त्यापेक्षा लांब भासते. म्हणून आरशात नुसतं ‘कोणीतरी आहे’ एवढं बघायचं आणि सरकण्याआधी मान वळवून खात्री करायची. मान वळवताना सायकल उजवीकडे जाते, ही सगळ्यांची अडचण. हनुवटी खांद्याला टेकवायची आणि डाव्या हाताची पकड ढिली ठेवायची, म्हणजे हँडल ओढलं जात नाही. रिकाम्या मैदानात सरळ रेघेवरून जाता येईपर्यंत सराव करा. मान वळलेली दिसली की मागचे बरेच जण आपणहून थोडं थांबतात, हा वरचा फायदा.

रडार म्हणजे गार्मिन व्हारियासारखं, सायकलच्या मागे लावायचं यंत्र. मागून येणारी गाडी १४० मीटरवरून टिपतं. तुमच्या आणि गाडीच्या वेगात ३६ चा फरक धरला तर चौदा सेकंद आधी कळतं. पण ते फक्त ‘येतेय’ सांगतं, किती बाजूने जाणार ते सांगत नाही. तुमच्याच वेगाने मागे चिकटून चाललेली गाडी त्याला दिसतही नाही, पडद्यावरून नाहीशी होते. कॅरिअरवरची पिशवी समोर आली तर सगळंच गेलं.

दिवे: दिवसा मागचा लुकलुकणारा. रात्री दोन, एक स्थिर आणि एक लुकलुकता. नुसत्या लुकलुकत्यावरून अंतर जोखता येत नाही. चमकपट्टी पाठीपेक्षा घोट्यांना बांधा, वर-खाली हलणारा पाय बघितला की ‘सायकल’ हे लांबूनच कळतं.

कपड्यांवर मात्र फार विसंबू नका. ब्रिटनमध्ये इयन वॉकर यांनी सायकलला अंतर मोजणारा सेन्सर लावून वेगवेगळ्या पोशाखांत हे तपासलं. चालक किती अंतर सोडतात त्यात पोशाखाने फारसा फरक पडला नाही. पोलिसांचा उल्लेख आणि चित्रीकरण चालू असल्याचं लिहिलेलं जाकीट मात्र थोडं उपयोगी पडलं. आणि काहीही घाला, ५० सेंमीच्या आत घुसणारे एक-दोन टक्के राहिलेच. जाकीट दिसण्यासाठी घाला, अंतर मिळण्यासाठी नव्हे.

मागच्या कॅरिअरला फोमची नळी आडवी बांधणारेही आहेत, उजवीकडे ४० सेंमी बाहेर काढून. हसू येतं खरं, पण चालकाला रुंदी दिसते. बांधायची तर कॅरिअरलाच, हँडलला कदापि नको. नळी कशात अडकली तर हँडल फिरून तुम्ही खाली.

अठ्ठावन्न_मायक्रो

पुराव्याचं सांगतो.

नुसत्या व्हिडिओवरून अंतर सिद्ध होत नाही. ॲक्शन कॅमेऱ्याची रुंद भिंग जवळची गाडी लांब दाखवते. बघणारा म्हणतो, ‘भरपूर जागा आहे की.’ उपाय खडूचा. सायकल सपाट जागी सरळ उभी करा. हँडलच्या उजव्या टोकाखाली ओळंबा सोडून खूण करा. तिथून ५० सेंमी, १ मीटर आणि दीड मीटरवर सायकलला समांतर, पाच-सहा मीटर लांब रेघा मारा. कॅमेरा नेहमीच्या जागी, नेहमीच्या सेटिंगवर ठेवून चित्रण करा. मग कट मारलेल्या क्षणाचं चित्र आणि खडूचं चित्र शेजारी ठेवा. गाडीचं चाक जिथे जमिनीला टेकतं तो बिंदू बघायचा, छत किंवा खिडकी नाही. कॅमेरा एक बोटभर जरी हलला तरी खडूचं चित्र पुन्हा घ्यावं लागतं.

एकच कॅमेरा असेल तर पुढे लावा. गाडी पुढे गेल्यावर तिची मागची पाटी त्यात येते. मागचा कॅमेरा ती कशी आली ते दाखवतो आणि पुढच्यात समोरची लेन रिकामी होती की नाही हे दिसतं. सेकंदाला ६० फ्रेम ठेवा. रात्री पाटी पांढरीफटक दिसते, त्यासाठी एक्सपोजर एक पायरी खाली. घड्याळ बरोबर लावा. नंबर मोठ्याने उच्चारा, आवाज रेकॉर्ड होतो. तक्रारीला मूळ फाइल न कापता द्या, घटनेच्या आधीचा आणि नंतरचा एकेक मिनिट धरून. आणि त्यात तुमच्या शिव्याही ऐकू येतात, हे लक्षात असू द्या.

आकडाच हवा असेल तर अल्ट्रासॉनिक, म्हणजे आवाजाच्या प्रतिध्वनीवरून अंतर मोजणारा सेन्सर. जर्मनीत ओपनबाइकसेन्सर नावाचा प्रकल्प याच तत्त्वावर आहे, त्याचे आराखडे खुले आहेत. साधी आवृत्ती घरी जमते: पाणी न शिरणारा सेन्सर, ईएसपी३२ बोर्ड (छोटा संगणकच तो), मेमरी कार्ड, एक बटण. आवाजाला जाऊन यायला दर सेंटिमीटरला ५८ मायक्रोसेकंद लागतात, प्रतिध्वनी यायला लागलेल्या वेळेला त्याने भागा. आलेल्या आकड्यातून हँडलची अर्धी रुंदी वजा करा, तुमच्या बाबतीत ३१. सेन्सर ५ व्होल्टवर चालवत असाल तर त्याची परतीची तार सरळ बोर्डला जोडू नका, बोर्ड ३.३ व्होल्टचा असतो. मध्ये १ आणि २ किलोओहमचे रेझिस्टर टाकून व्होल्टेज उतरवा.

मोजमापं ६० मिलिसेकंदांच्या अंतराने घ्या. घाई केली तर आधीचा प्रतिध्वनी पुढच्यात मिसळतो. ४ मीटरची गाडी सेकंदाला १० मीटरच्या फरकाने गेली तर ४०० मिलिसेकंद बाजूला असते, म्हणजे सहा मोजमापं मिळतात. सर्वांत लहान आकडा डोळे मिटून धरू नका, पावसाचे थेंब आणि कठडे खोटे आकडे देतात. लागोपाठ तीन जुळले तरच खरे.

यातली मोठी गोम अशी की सेन्सर सीटच्या खाली असतो, त्याला दार दिसतं. गाडीचा आरसा दाराच्या १५-२० सेंमी बाहेर असतो आणि टेम्पो-पिकअपचा तर तुमच्या खांद्याच्या उंचीला. सेन्सरने ७० दाखवलं तर खांद्याला ५० च मिळालेत.

घाटवळण

आकडा कशाशी ताडायचा हेही देशागणिक बदलतं. अमेरिकेत विस्कॉन्सिनने १९७३ मध्येच ३ फूट ठरवले. जर्मनीत २०२० पासून वस्तीत दीड मीटर, बाहेर २ मीटर. ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये २०२२ पासून ताशी ३० मैलांपर्यंत निदान दीड मीटर, त्यापुढे जास्त. तिथे वेस्ट मिडलंड्स पोलिसांनी २०१६ मध्ये साध्या कपड्यातला पोलीस सायकलवर पाठवून कट मारणाऱ्यांना पुढे थांबवायला सुरुवात केली. थांबवल्यावर जमिनीवर चटई अंथरून दीड मीटर म्हणजे किती ते दाखवायचे. ते बघितल्यावर वाद घालायला फार काही उरत नाही.

पांढरी_पट्टी

खडूचं या रविवारी करतो. एक राहिलं. समोरून ओव्हरटेक करत कोणी थेट आपल्या लेनमध्ये आला तर १ मीटरवर असण्याचा काय उपयोग? खाली उतरावंच लागणार, आणि ती चार बोटांची कड आहे.

सुटी_चेन

तिथे जागेचा हट्ट नको, उतरायचंच. चार बोटं म्हणजे ७-८ सेंमी. उतरताना पुढचं चाक कडेला समांतर ठेवू नका, थोडं तिरकं करून सोडा. बूड सीटवरून उचला, वजन मागे. खडीवर आल्यावर पुढचा ब्रेक बंद, मागचा हलका.

माणसं पडतात ती परत वर येताना. समोरचा गेला की घाईने तसंच तिरकं-तिरकं डांबरावर चढायला जातात. पुढच्या चाकाची बाजू कडेला घासत राहते, चाक चढत नाही, आणि सायकल उजवीकडे लेनमध्ये आडवी होते, नेमकी मागच्या गाडीसमोर. वर चढायचं तर वेग चालण्याइतका कमी करून चाक कडेला जवळजवळ काटकोनात आणा. तेवढी जागा नसेल तर पाय टेका, मागे बघा, सायकल उचलून वर ठेवा.