जिलबर्तो जिल: 'मंत्री झाला आणि गायक संपला' याबद्दल

'मंत्री झाला आणि गायक संपला' असं म्हणत कुणीतरी ब्राझीलचा गायक जिलबर्तो जिल याची कारकीर्द 'ट्रॉपिकालिया (साठच्या दशकातली तिथली बंडखोर संगीत-चळवळ), लंडनचा विजनवास आणि मग मंत्रिपद' अशी तीन शब्दांत आटोपली आहे. त्यात सत्तरचं दशक पार गळालं की हो! माझ्या मते खरा जिल तिथेच सापडतो.

ब्राझीलच्या लष्करी राजवटीने डिसेंबर १९६८ मध्ये त्याचा साथीदार गायक काएतानो वेलोझो याच्याबरोबर त्यालाही अटक केली, पुढे दोघांना देशाबाहेर जावं लागलं. १९७२ मध्ये परतल्यावर ब्राझीलमधल्या साल्वादोर शहराच्या कार्निव्हलमध्ये त्याला दिसलं, की 'फिल्यूस द गांधी' ('गांधींची मुलं') हे पथक पार रोडावलंय. गांधीहत्येनंतर, १९४९ मध्ये, गोदीकामगारांनी काढलेलं हे पथक. पांढरे कपडे, डोक्याला पांढरं पागोटं, गळ्यात निळ्या-पांढऱ्या मण्यांच्या माळा आणि कांदोम्ब्ले या आफ्रिकी मुळांच्या ब्राझिली धर्मातल्या पूजेचा इजेशा ताल. जिल पथकावर नुसतं गाणं रचून थांबला नाही, पथकात सामील होऊन रस्त्यावर चालला. पथक पुन्हा उभं राहिलं त्यात त्याचा मोठा हात आहे. मग १९७७ मध्ये नायजेरियातल्या लागोसच्या आफ्रिकी कला महोत्सवात त्याची हजेरी आणि त्याच वर्षी 'रेफाव्हेला' हा अल्बम. तो आधी ऐका, बाकीचं नंतर.

(जाता जाता: गाण्यात पूर्णवेळ उतरण्याआधी हा माणूस साओ पाउलोत जेसी लिव्हर या युनिलिव्हरच्या ब्राझीलमधल्या कंपनीत नोकरीला होता. म्हणजे आपल्या हिंदुस्थान लिव्हरच्या भावकीतच!)

ब्राझीलचं सांस्कृतिक मंत्रिपद त्याच्याकडे होतं २००३ ते २००८. त्या काळातही गाणं सुटलं नाही. २००३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सभागृहात तो गायला, तेव्हा तालवाद्यावर साथीला चक्क संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे सरचिटणीस कोफी अन्नान होते.