अनुभव धागा: 'तिगाना' वाचताना काय भावलं, काय खटकलं?

गाय गॅव्ह्रिएल के यांची १९९० सालची 'तिगाना' ही एकाच खंडात संपणारी भलीमोठी फँटसी. ब्रँडिन हा मायावी राजा लढाईत मुलगा गमावतो आणि सूड म्हणून त्या प्रांताचं, म्हणजे तिगानाचं, नावच पुसतो. तिथं जन्मलेल्यांखेरीज ते कुणाला ऐकूच येत नाही. सीमाभागातल्या वाचकांनो, तुमचे अनुभव लिहा. शेवट उघड केलात तरी चालेल. सुरुवात मी करते.

टिळकवाडी, बेळगाव
१ नोव्हेंबर २०१४ रोजी आमच्या शहराचं सरकारी नाव बदललं. कादंबरीत अव्हाले शहराला राजा मेलेल्या मुलाचं नाव देतो, तिथं मी पुस्तक मिटून बसले. पण नुसत्या साम्यावर कादंबरी मोठी होत नाही. ती मोठी होते ब्रँडिनमुळं. त्याचं पुत्रदुःख इतकं खरं आहे की त्याचा निखळ रागही करता येत नाही.

खानापूर
मला नेमकं तेच खटकलं. शाप राजा जिवंत असेपर्यंतच. तो मेला की नाव परत! आमच्या आजोबांनी १९५६ पासून महाराष्ट्रात जायची वाट बघितली. एका माणसाच्या मरणानं असं काही सुटत नसतं. एवढ्या भारी कल्पनेला ही पळवाट नको होती.

निपाणी
सुरुवातीला नावांनीच दमवलं बघा. रात्री दुसऱ्याच जगात जाऊन लढणाऱ्यांचं प्रकरणही उपरं वाटलं. खरं एक जागा जबरदस्त हाय: तिगानाचा राजपुत्र अलेस्सान हा एर्लेन नावाच्या जादूगाराला त्याच्या मर्जीविरुद्ध बांधून घेतो. स्वातंत्र्यासाठी दुसऱ्याला गुलाम करायचं? लेखक त्याला सहज सोडत नाही, हे मला लई पटलं.

चिकोडी
माझं माहेर मराठी, सासर कन्नड. तिगानाचीच डायनोरा राजाला मारायला जाते आणि त्याच्यावरच जीव जडतो. दोन्हीकडची ओढ एवढ्या समजुतीनं लिहिलेली मी क्वचितच वाचली. म्हणूनच राग येतो. बाकीच्यांची लग्नं जुळवली, हिला मात्र समुद्रात घालवलं. दोन घरं मनात घेऊन बाई जगू शकते, हो. जगतेच.

उचगाव
चिकोडीच्या ताईंशी सहमत. मात्र अखेरचं पान मला फार आवडलं. तिघांना रिसेल्का, म्हणजे भविष्याची खूण मानली जाणारी गूढ जलपरी, दिसते: एकाचं भलं होणार, एकाची वाट बदलणार, एक मरणार. कोण कोण, ते सांगितलेलंच नाही. पुढचा खंड नाही, म्हणूनच हे जमलं. घरी आम्ही अजून त्यावर भांडतो. माझ्या मते मरणारा म्हातारा सँड्रेच.